व्हीएमवर तीच वॉर्निंग पुन्हा पुन्हा येते तेव्हा: आधी वेळ बघा, मग मजकूर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात दोन सर्व्हर आहेत. दोन्हींवर ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर), मागे आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेलं एकच सामायिक स्टोरेज. त्यावर डझनभर व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालतात: ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, हजेरीचं सॉफ्टवेअर, फाइल सर्व्हर, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि काही उबंटू लिनक्सच्या व्हीएम. गेले काही महिने लॉगमध्ये त्याच त्या ओळी दिसतात. उबंटूवर मल्टिपाथची ओळ अखंड, रात्री ‘सॉफ्ट लॉकअप’, कधी ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त ब्लॉक्ड’, विंडोजवर इव्हेंट १२९ आणि १५३, आणि व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट आणि व्हीएम सांभाळण्याचं सॉफ्टवेअर) ‘डिस्क कन्सोलिडेशन आवश्यक’. व्हीएम रीस्टार्ट केली की दोन-चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. यातलं काय सोडून द्यायचं, काय गंभीर आहे आणि अलर्टचे मेल बंद केले तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मेल आत्ता बंद करू नका. रीस्टार्टही थांबवा, निदान कारण सापडेपर्यंत. रीस्टार्टने दोन गोष्टी होतात आणि दोन्ही तुमच्या विरोधात जातात. पहिली, पुरावा जातो. काही लिनक्सवर जर्नल (सिस्टिमची नोंदवही) फक्त मेमरीत असतं, आणि ईएसएक्सआय पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्डवर बसवलं असेल तर होस्टचे, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरचे, लॉगही बऱ्याचदा रॅममध्येच राहतात. होस्ट बंद झाला की ते गेले. दुसरी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ‘टास्क ब्लॉक्ड’ या वॉर्निंगला मुळातच १० ची मर्यादा असते. दहा वेळा ओरडून झालं की कर्नल गप्प बसतो. त्रास चालूच असतो, ओळ मात्र येत नाही. व्हीएम रीस्टार्ट केली की मोजणी पुन्हा दहापासून सुरू होते. त्यामुळे ‘काही दिवस शांत होतं’ या निरीक्षणावर या एका संदेशापुरता अजिबात भरवसा ठेवू नका. ‘हंग टास्क वॉर्निंग्ज’ या नावाची कर्नल सेटिंग उणे १ केली की मर्यादा उठते. शोध चालू असेपर्यंत ती तशी ठेवा.

तुमच्या प्रश्नात पाच-सहा वॉर्निंगचा मजकूर आहे, पण वेळ म्हणून एकच शब्द आहे: ‘रात्री’. माझा सगळा भर इथेच आहे. एकदाच आलेली वॉर्निंग मजकुरावरून शोधावी लागते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वॉर्निंगला मात्र स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि ते वेळापत्रक यंत्रणेतल्या दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या वेळापत्रकाशी जुळतं. ते काम सापडलं की निम्मं उत्तर हातात येतं. लोक मजकूर गुगलवर टाकतात, पहिल्या उत्तरातली कर्नल सेटिंग उचलून लावतात, आणि महिन्याभराने दहा सेटिंग बदललेल्या असतात आणि वॉर्निंग तिथेच असते.

म्हणून पहिलं काम हे करा. एका आठवड्याचे लॉग घ्या. प्रत्येक ओळीतली तारीख, तास आणि संदेशाचा प्रकार एवढंच ठेवा, बाकी कापा. मग मोजा. लिनक्सवर सॉर्ट आणि युनिक या दोन कमांडवर हे होतं, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल केलंत तरी चालेल. उभे तास, आडवे संदेश. या तक्त्यात पहिल्या नजरेला जे दिसतं ते पाचशे ओळी वाचून दिसत नाही.

काही ठेके ओळखीचे असतात. दर ५ सेकंदांनी येणारी ओळ म्हणजे कुठली तरी सेवा सतत एकच तपासणी करते आहे आणि तिला उत्तर मिळत नाही. दर १७ मिनिटांनी काही घडत असेल तर टाइम सिंककडे बघा, कारण एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा, स्थिरावल्यावर साधारण दर १०२४ सेकंदांनी वेळ विचारतं. सकाळी ६:२५ ला उबंटूची रोजची क्रॉन (वेळापत्रकाने आपोआप चालणारी) कामं सुटतात. रविवार संपून सोमवार लागताना, मध्यरात्रीच्या सुमारास, साप्ताहिक ट्रिम (डिस्कला रिकामी झालेली जागा कळवण्याचं काम) चालते. डेबियन घराण्यात (उबंटू त्यातलंच) सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची व्यवस्था, असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी, शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर, १२:५७ ला त्याची तपासणी सुरू व्हायची अशी जुनी पद्धत आहे. आणि रोज ठरलेल्या वेळी, रात्री, आठवड्याचे सातही दिवस असेल तर दहापैकी नऊ वेळा ते बॅकअप असतं.

आता एक अडचण. गेस्टचे, म्हणजे व्हीएमच्या आतले, लॉग भारतीय वेळेत असतात, ईएसएक्सआयचे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मंगळवारी पहाटे २:०० ला व्हीएममध्ये जे घडलं ते होस्टच्या लॉगमध्ये सोमवारच्या तारखेला २०:३० ला सापडेल. साडेपाच तासांचा हा फरक आणि बदललेली तारीख विसरल्यामुळे ‘होस्टवर त्या वेळी काहीच नव्हतं’ असा निष्कर्ष काढलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. जुळवाजुळव करण्याआधी तक्त्यात यूटीसीचा वेगळा रकाना ठेवा.

आणि घड्याळं मुळात बरोबर आहेत का, हेही याच पायरीवर तपासा, कारण तुमच्याकडे डोमेन कंट्रोलर व्हीएमवर आहे. व्हीएमवेअर टूल्समधलं (हे व्हीएमच्या आत बसवायचं पूरक सॉफ्टवेअर) वेळ जुळवण्याचं नियमित काम बंद ठेवलं तरी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेताना, व्हीएम थांबून पुन्हा सुरू होताना किंवा एका होस्टवरून दुसऱ्यावर जाताना टूल्स गेस्टची वेळ होस्टशी एकदा जुळवतात. हे वेगळं बंद करावं लागतं. समजा होस्टचं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे. रोज रात्री बॅकअपचा स्नॅपशॉट होतो, डोमेन कंट्रोलरची वेळ उडी मारते, आणि केर्बेरॉसला, म्हणजे लॉगिनची ओळख तपासणाऱ्या पद्धतीला, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही म्हणून सकाळी कुणाचं लॉगिन होत नाही. नऊ वाजेपर्यंत वेळ आपोआप सरळ होते आणि सगळे म्हणतात की नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम होता. वेळेचा मालक एकच ठेवा. होस्ट बाहेरच्या एनटीपीकडून वेळ घेतील. डोमेनमधला मुख्य कंट्रोलर, म्हणजे पीडीसीची भूमिका असलेला, तोही त्याच बाहेरच्या एनटीपीकडून घेईल, बाकी विंडोज यंत्रं डोमेनकडून घेतील, आणि उबंटूवर क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा ठेवा. हा बाहेरचा स्रोत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा किंवा एनआयसीचा (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा) निवडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हेच सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायलाही सांगितलं आहे. ते निर्देश खासगी कंपन्यांनाही लागू आहेत. एक छोटी लिनक्स व्हीएम सिसलॉग सर्व्हर म्हणून उभी करा आणि दोन्ही होस्ट, स्टोरेज, स्विच, सगळ्यांचे लॉग तिकडे वळवा. तिची डिस्क मात्र या सामायिक स्टोरेजवर ठेवू नका. स्टोरेज अडखळलं की त्याची साक्ष लिहिणारंच अडखळेल.

आता तुमच्या वॉर्निंगकडे येतो, सोपीपासून.

मल्टिपाथची ओळ. उबंटू २०.०४ व्हीएमवेअरवर चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ही पाहिली आहे: ‘एसडीए: ॲड मिसिंग पाथ’ आणि पाठोपाठ ‘फेल्ड टू गेट यूआयडी’ अशा तीन-चार ओळी, दर ५ सेकंदांनी. एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या मल्टिपाथ सेवेला प्रत्येक डिस्कचा एकमेव ओळख क्रमांक लागतो, आणि व्हर्च्युअल डिस्कचा तो क्रमांक व्हीएमवेअर आपणहून गेस्टला दाखवत नाही. व्हीएम बंद करून तिच्या ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशनमध्ये ‘डिस्क डॉट एनेबल यूयूआयडी’ हा पॅरामीटर ‘ट्रू’ करा, ओळ कायमची जाते. व्हीएम बंद करणं लगेच शक्य नसेल तर मल्टिपाथच्या कॉन्फिग फाइलमध्ये ती डिस्क ब्लॅकलिस्ट करा. ज्या व्हीएमला एकच व्हर्च्युअल डिस्क आहे तिथे ती सेवाच बंद केली तरी चालतं. फक्त एखादी व्हीएम स्वतः आतून आयस्कझीने स्टोरेज जोडत असेल तर तिथे सेवेला हात लावू नका. ही वॉर्निंग निरुपद्रवी आहे, पण सोडून देण्यासारखी नाही. ती रूट डिस्क भरते, आणि खरी वॉर्निंग तिच्या ढिगाऱ्याखाली जाते.

बूट होताना एकदाच येणाऱ्या ‘एसएमबस होस्ट कंट्रोलर नॉट एनेबल्ड’ किंवा ‘अझ्युमिंग ड्राइव्ह कॅश: राइट थ्रू’ अशा ओळी दिसल्या तर त्या सोडा. व्हर्च्युअल मदरबोर्डवर त्या तशाच येतात.

आता मधला आणि महत्त्वाचा भाग. सॉफ्ट लॉकअप, कन्सोलिडेशन आणि ‘१२० सेकंद’ या तुमच्याकडे तीन वेगळ्या तक्रारी नाहीत असा माझा दाट अंदाज आहे. एकाच साखळीची ती तीन टोकं असावीत.

बॅकअप सुरू होतो तेव्हा व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला जातो. त्या क्षणापासून नवीन लिखाण मूळ डिस्कवर न जाता डेल्टा फाइलमध्ये जातं. बॅकअप संपला की डेल्टातलं सगळं मूळ डिस्कमध्ये मिसळायचं आणि डेल्टा काढून टाकायची. मिसळणं चालू असतानाही व्हीएम लिहीतच असते, म्हणून शेवटी होस्टला व्हीएम काही क्षण पूर्ण थांबवावी लागते. स्टोरेज चपळ असेल तर हे थांबणं सेकंदाच्या आत संपतं. स्टोरेज दमलेलं असेल तर ते वीस-तीस सेकंदांवर जातं. लिनक्सचा वॉचडॉग (सीपीयूवरचा पहारेकरी) २० सेकंद सीपीयू हलला नाही असं दिसलं की ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद’ असं लिहितो. व्हीएमच्या दृष्टीने ते खरं आहे. ती थिजलेली होती. पण दोष तिच्या कर्नलचा नाही, आणि म्हणूनच कर्नल अपडेट करून, वॉचडॉगची मर्यादा वाढवून काहीही बरं होत नाही.

हे अंदाजावर सोडू नका, सिद्ध करता येतं. डेटास्टोअरमध्ये, म्हणजे व्हीएमच्या फाइल ठेवलेल्या स्टोरेजवरच्या जागेत, प्रत्येक व्हीएमच्या फोल्डरमध्ये तिची स्वतःची ‘व्हीएमवेअर डॉट लॉग’ फाइल असते. त्यात ‘चेकपॉइंट अनस्टन’ शब्द शोधा. त्या ओळीत व्हीएम किती मायक्रोसेकंद थांबली होती तो आकडा लिहिलेला असतो. दहा लाख मायक्रोसेकंद म्हणजे एक सेकंद. दोन कोटी वीस लाख दिसलं की २२ सेकंदांचा हिशेब लागला. वेळ यूटीसीतून भारतीय वेळेत आणून गेस्टच्या ओळीशेजारी ठेवा. जुळलं तर सॉफ्ट लॉकअपचा विषय तिथे संपतो आणि प्रश्न उरतो तो स्टोरेजचा.

स्नॅपशॉटमध्ये ‘व्हीएमची मेमरीही घ्या’ हा पर्याय चालू असेल तर तो बॅकअपसाठी बंद करा, थांबणं बरंच कमी होतं. विंडोजवर डेटाबेसला क्षणभर स्थिर करण्याचं काम व्हीएसएस करतं, आणि त्यात लिखाण रोखून धरायला फक्त १० सेकंदांची मुदत असते. स्टोरेज हळू असेल तर मुदत टळते, व्हीएसएसची चूक लॉगमध्ये येते आणि बॅकअप अर्धवट सुटतो.

अर्धवट सुटलेला बॅकअपच ‘कन्सोलिडेशन आवश्यक’ या पिवळ्या पट्टीचा सर्वांत नेहमीचा जन्मदाता आहे. स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसतो, पण फोल्डरमध्ये शेवटी ०००००१, ०००००२ अशा फाइल पडून असतात आणि व्हीएम अजूनही डेल्टावरच लिहीत असते. डेल्टा वाढत मूळ डिस्कच्या आकारापर्यंत जाऊ शकते, डेटास्टोअर भरतं, आणि जागा पूर्ण संपली की लिहायला जागा नसलेल्या व्हीएम थांबतात. व्हीसेंटरचा डेटास्टोअर अलार्म मुळात ७५ टक्क्यांवर पिवळा आणि ८५ वर लाल होतो. तो वर सरकवून गप्प करण्याचा मोह होतो. तुमच्या मांडणीत तो अलार्म सोन्याचा आहे, त्याला हात लावू नका.

कन्सोलिडेशन का होत नाही हे बघताना आधी बॅकअप प्रॉक्सी व्हीएमच्या (बॅकअपसाठी दुसऱ्या व्हीएमच्या डिस्क तात्पुरत्या जोडून घेणारी व्हीएम) सेटिंग उघडा. दुसऱ्याच व्हीएमची डिस्क तिला जोडलेली राहिली असेल तर तेच कुलूप आहे. ती डिस्क काढताना ‘डेटास्टोअरवरून फाइल मिटवा’ हा पर्याय निवडला जाणार नाही, हे दोनदा पाहा. डेल्टा फाइल हाताने कधीही मिटवू नका, साखळीतली एक कडी गेली की पुढचं सगळं जातं. निर्मात्यांचीच शिफारस अशी आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनपेक्षा जास्त नसावेत, जरी मर्यादा ३२ ची असली तरी.

इथे गिरणी असण्याचा एक वेगळा परिणाम होतो, तो सांगतो. बॅकअपच्या पुस्तकी सल्ल्यात रात्र मोकळी धरलेली असते. ७-३-११ अशा तीन पाळ्या चालतात तिथे रात्र मोकळी नसते. रात्री ११ ला पाळी बदलते, हजेरीची यंत्रं एकदम नोंदी ढकलतात, खात्यांमधून उत्पादनाच्या नोंदी चढतात. आणि बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर कुणीतरी रात्री ११ किंवा १२ ला लावून ठेवलेलं असतं, सगळ्या व्हीएम एकदम. तुमच्या तक्त्यात ११ ते १ च्या रकान्यात गर्दी दिसली तर बॅकअप १:३० नंतर सुरू करा, एका वेळी एक-दोन व्हीएम, आणि डेटाबेसची व्हीएम एकटी. पहाटे ६ च्या आत सगळं संपलं पाहिजे, कारण ७ ला पुन्हा पाळी बदलते. एवढ्या एका बदलाने निम्म्या वॉर्निंग गेलेल्या मी इथल्या अनेक कारखान्यांत पाहिल्या आहेत, एक रुपयाही खर्च न करता.

तरीही उरल्या तर स्टोरेज. ‘टास्क ब्लॉक्ड’ आणि विंडोजचे इव्हेंट १२९, १५३ हे तिन्ही एकच सांगतात: डिस्ककडे मागणी गेली आणि उत्तर वेळेत आलं नाही. १५३ म्हणजे मागणी पुन्हा पाठवावी लागली. १२९ म्हणजे विंडोजने कंटाळून डिस्कचा दुवाच रीसेट केला, हा जास्त गंभीर. लिनक्स गेस्ट मुळात ३० सेकंद वाट पाहतं, व्हीएमवेअर टूल्स ते १८० करतं, म्हणून टूल्स बसवलेली आणि चालू आहेत ना, ते प्रत्येक व्हीएमवर पाहा. टूल्स नसलेली व्हीएम छोट्या अडखळण्यातच फाइल सिस्टिम रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) करून बसते.

उत्तर कुठे अडलं हे होस्टवर ईएसएक्सटॉप या कमांडमध्ये दिसतं. डीॲव्हरेज हा स्टोरेजच्या बाजूचा उशीर, केॲव्हरेज होस्टच्या कर्नलमधला, जीॲव्हरेज दोन्हींची बेरीज, म्हणजे गेस्टला जाणवणारा. पहिला सतत २० ते २५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर स्टोरेज किंवा तिथवरचं नेटवर्क. दुसरा २ च्या वर राहिला तर होस्टच्या रांगा. होस्टच्या लॉगमध्ये ‘डिव्हाइस परफॉर्मन्स हॅज डिटीरिओरेटेड’ अशीही ओळ येत असेल. ती सरासरीच्या तुलनेत लिहिली जाते, म्हणून घाबरण्याआधी दुसरा आकडा वाचा. तो मायक्रोसेकंदात असतो. ३०० वरून ९००० झाला तर तीसपट वाढ दिसते, पण ते फक्त ९ मिलिसेकंद आहेत. दोन लाख दिसले तर मात्र खुर्ची ओढून बसा. ‘लॉस्ट ॲक्सेस टू व्हॉल्यूम’ ही ओळ एकदाही दिसली तर ती सगळ्या यादीत सर्वांत वर घ्या.

नेटवर्कची तपासणी पटकन होते. स्विचच्या आयस्कझी पोर्टवर सीआरसी एररचा (खराब होऊन पोहोचलेल्या पाकिटांचा) आकडा वाढतोय का पाहा, वाढत असेल तर केबल बदला. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पाकिटं) चालू केल्या असतील तर त्या होस्ट, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे सारख्या हव्यात. होस्टवरून व्हीएमकेपिंग कमांडने ८९७२ बाइटचं पाकीट, तुकडे करू नका असं सांगून, स्टोरेजला पाठवा. छोटं पाकीट जातं आणि हे जात नाही, तर मधे कुठेतरी ९००० ची सेटिंग करायची राहिली आहे.

स्टोरेजच्या बाजूला मी सर्वांत आधी कॅशची बॅटरी बघतो. रेड कंट्रोलर लिखाण आधी आपल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या वेगवान मेमरीत) घेऊन ‘झालं’ म्हणतो आणि डिस्कवर सावकाश उतरवतो. वीज गेली तरी ते लिखाण वाचावं म्हणून बॅटरी असते. बॅटरी निकामी झाली की कंट्रोलर सुरक्षिततेसाठी ही सोय बंद करतो आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर जातं. काहीही बिघडल्याचं वरून दिसत नाही, डिस्क सगळ्या हिरव्या, फक्त लिखाणाचा वेग कोसळतो. दिवसा निभावतं, रात्री बॅकअपला कोलमडतं. काही जुने कंट्रोलर ठराविक काळाने बॅटरी मुद्दाम रिकामी करून पुन्हा भरतात आणि तेवढा वेळ हाच प्रकार होतो. तुमच्याकडे महिन्या-दीड महिन्याने एखादीच रात्र विशेष वाईट जात असेल तर तारखा या चक्राशी ताडून बघा. दोन कंट्रोलरचं स्टोरेज असेल तर एक बंद पडला तरी दुसरा सगळं चालवतो, पण बऱ्याचदा कॅश बंद करून.

बॅटरीचा संबंध उष्णतेशी आहे आणि आपण सोलापुरात आहोत. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात. सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत जाणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस आहे. बऱ्याच कारखान्यांत सर्व्हर यूपीएसवर असतात पण एसी नसतो. वीज गेल्यापासून जनरेटरवर एसी पुन्हा कुणी चालू करेपर्यंत छोट्या बंद खोलीत तापमान झपाट्याने चढतं. त्यात टॉवेलचं खातं जवळ असेल तर कापसाचे तंतू पंख्यांवर आणि जाळीवर बसतात. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. गेस्टला यातलं काही कळत नाही, तिला फक्त सगळं हळू झाल्याचं कळतं. म्हणून आयड्रॅक किंवा आयएलओमध्ये (सर्व्हरच्या अंगभूत देखरेख यंत्रणेत) जाऊन हार्डवेअरचा लॉग आणि तापमानाचा आलेख पाहा, आणि त्याही वेळा तक्त्यात टाका. वॉर्निंग दुपारी २ ते ५ मध्ये आणि एप्रिल-मेमध्येच वाढत असतील तर कॉन्फिगरेशनमध्ये शोधत बसू नका, जाळी साफ करा आणि एसी जनरेटरच्या लाइनवर घ्या.

सीपीयूबद्दल एकच गोष्ट, पण ती नक्की तपासा. ईआरपी हळू चालतं म्हणून कुणीतरी व्हीएमला ८ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) देऊन ठेवलेले असतात. व्हीएमचे व्हीसीपीयू साधारण बरोबरीने पुढे सरकावे लागतात. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर एकटी गाडी पटकन आत जाते, आठ गाड्या एकत्रच काटा करायच्या म्हटल्या तर यार्डात खोळंबतात, तसंच हे आहे. हा खोळंबा व्हीसेंटरच्या चार्टमध्ये ‘सीपीयू रेडी’ नावाने दिसतो. रिअल टाइम चार्टमध्ये एक नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून एका व्हीसीपीयूमागे २००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के. पाचच्या पुढे लक्ष ठेवा, दहाच्या पुढे त्रास नक्की. उपाय उलटा वाटतो पण बरोबर आहे: व्हीसीपीयू कमी करा. हजेरीच्या सर्व्हरला दोन पुष्कळ झाले. केव्हीएमवर (व्हीएम चालवण्याची लिनक्समधली व्यवस्था) हा खोळंबा गेस्टच्या टॉप कमांडमध्ये ‘एसटी’ रकान्यात दिसतो. व्हीएमवेअरवर तो आकडा सहसा शून्यच असतो, त्यामुळे गेस्टमध्ये शून्य पाहून निश्चिंत होऊ नका.

मेलबद्दल. कारण सापडलेली, निरुपद्रवी ठरलेली आणि मुळातून घालवता न येणारी ओळ असेल तर ती गाळा, पण नेमकी तेवढीच ओळ, पूर्ण मजकुरासह. ‘कर्नलच्या सगळ्या वॉर्निंग’ किंवा ‘या व्हीएमचे सगळे अलार्म’ असं कधीच नाही. गाळलेल्या प्रत्येक ओळीची वहीत नोंद ठेवा: कुणी, कधी, कशामुळे. तुमच्या जागी उद्या दुसरा माणूस येईल तेव्हा त्याला ही वही लॉगपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एक गोष्ट मालकांच्या कानावर घालायला हवी. ईएसएक्सआय ६.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ७.० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तुमचे होस्ट यांपैकी एकावर असतील तर ड्रायव्हर आणि फर्मवेअरमधले दोष आता दुरुस्त होऊन येणार नाहीत, आणि सुरक्षेचा प्रश्न वेगळाच.

या आठवड्याचा क्रम असा ठेवा. आज घड्याळं आणि सिसलॉग. उद्या डेटास्टोअरची मोकळी जागा, उरलेल्या डेल्टा फाइल आणि स्टोरेजच्या बॅटरीची स्थिती. मग बॅकअपची वेळ हलवा आणि आठ दिवस दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. मल्टिपाथचा पॅरामीटर तेवढा याला अपवाद, तो कधीही लावा. कन्सोलिडेशन साप्ताहिक सुट्टीला, पाळी बंद असताना करा. त्याआधी त्या व्हीएमचा ताजा बॅकअप दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून, नेटवर्क तोडून, एकदा सुरू होतोय का ते बघा. डेल्टा मोठी असेल तर कन्सोलिडेशन कित्येक तास चालतं, ९९ टक्क्यांवर अडकल्यासारखं दिसतं, तेव्हा ते मधे तोडू नका.

आठ दिवसांनंतरही १२९ येत राहिला तर तासांचा तक्ता, त्या वेळचे ईएसएक्सटॉपचे आकडे आणि ‘चेकपॉइंट अनस्टन’च्या ओळी एकत्र करून पाठवा. बॅटरी ‘फेल्ड’ दिसली तर मात्र आठ दिवस थांबू नका, त्याच दिवशी मागवा, आणि ती येईपर्यंत बॅकअप एका वेळी एकाच व्हीएमचा चालू ठेवा.